निवडुंग कोणता, हे आधी ओळखा
(मांसल वनस्पतींची ओळख, निगा आणि घरातील मुले)

डॉक्टरांच्या संस्थेच्या स्मरणिकेत कुंडीतल्या झाडांवर लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. बालरोगतज्ज्ञाने लसीकरणावर लिहावे, बागकाम माळ्यावर सोडावे, असा रिवाज आहे. तथापि गेली पंचवीस वर्षे नेरडीगोंडा आणि आसपासच्या गावांतील मुले तपासत असताना झाड आणि मूल यांची गाठ अनेकदा माझ्या टेबलासमोर पडली आहे. घराघरांत, दवाखान्यांच्या प्रतीक्षाकक्षांत, इतकेच काय तर शाळेच्या खिडक्यांतही हल्ली ज्यांना रोपवाटिकेत ‘सक्युलंट’ म्हणतात ती जाड पानांची, काटेरी, गोंडस रोपे दिसू लागली आहेत. ती देखणी असतात, पाणी कमी मागतात आणि मालकाच्या विसरभोळेपणाला क्षमा करतात. यांतील बहुतेक निरुपद्रवी आहेत, काही मात्र नाहीत. कोणते कोणते, हे कळण्यासाठी आधी ओळख हवी. ती या लेखातून करून द्यावी, असा माझा हेतू आहे.

मांसल म्हणजे काय?

पान, खोड किंवा मूळ यांपैकी एखाद्या अवयवात पाणी साठवून ठेवणारी वनस्पती ती मांसल वनस्पती. हे एका कुळाचे नाव नव्हे. कोरडेपणाशी झुंजताना निरनिराळ्या कुळांनी एकच उपाय शोधला, त्या उपायाचे हे नाव आहे. कोरफड पानात पाणी साठवते, निवडुंग खोडात, अ‍ॅडेनियम फुगलेल्या बुंध्यात.

साठवलेले पाणी उडून जाऊ नये म्हणून यांतील बऱ्याच वनस्पतींनी श्वासोच्छ्वासाची वेळच बदलली आहे. इतर झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडतात. या वनस्पती रात्रीच्या गारव्यात ती उघडतात, कर्बवायू आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात. दिवसा रंध्रे मिटलेली असताना त्याच साठ्यावर सूर्यप्रकाशात अन्न तयार होते. ही गोष्ट प्रथम लक्षात आणून देणाऱ्यांत बेंजामिन हेन यांचे नाव आदराने घेतले जाते. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास इलाख्यातील सेवेत होते. पानफुटीचे पान सकाळी चांगलेच आंबट लागते, दुपारी बेचव होते आणि संध्याकाळी किंचित कडवट, असे त्यांनी १८१३ साली लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवले. दक्षिण भारतात काम केलेल्या एका निरीक्षकाची जीभ वनस्पतिशास्त्राच्या एका मोठ्या प्रकरणाच्या आरंभी उभी आहे, याचा आपणा वैद्यकीयांना आनंद वाटावा. (पानफुटी चाखून पाहण्याचा मोह मात्र टाळावा. कारण पुढे येईलच.)

येथे एक गैरसमज दूर करते. ‘स्नेक प्लांट रात्री प्राणवायू देतो, म्हणून शयनगृहात ठेवा’ असे दुकानदार सांगतात. रात्री ही झाडे कर्बवायू शोषतात हे खरे. पण प्राणवायू निघतो तो दिवसा, प्रकाशात. खोलीची हवा शुद्ध होण्याची कल्पनाही १९८९ सालच्या नासाच्या बंद पेटीतील प्रयोगावरून पसरली. उघडझाप होणाऱ्या घरात तेवढा परिणाम साधायचा तर दर चौरस मीटरला किमान दहा झाडे लागतील, असे पुढच्या अभ्यासकांनी २०१९ साली दाखवून दिले. बालदम्याच्या रुग्णाला खिडकी उघडी ठेवणे आणि चुलीचा धूर टाळणे यांचा उपयोग कितीतरी अधिक. झाड ठेवावे ते डोळ्यांच्या सुखासाठी.

एक शब्द, दोन कुळे

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. मराठीत ‘निवडुंग’ हा शब्द आपण दोन पूर्णपणे वेगळ्या कुळांना लावतो. फड्या निवडुंग हा खरा कॅक्टस. त्याची हातभर रुंद, चपटी फडी असते आणि लाल-जांभळी बोंडे येतात. त्रिधारी निवडुंग, वई निवडुंग किंवा थोर, आणि शेर हे मात्र युफोर्बिया, म्हणजे एरंडाच्या कुळातले. गंमत अशी, की आपल्या शेजारच्या तेलुगू भाषेनेही हेच केले आहे. नागजेमुडु म्हणजे फड्या, बोम्मजेमुडु म्हणजे त्रिधारी, आकुजेमुडु म्हणजे पानांचा थोर आणि काडजेमुडु म्हणजे शेर. सर्वांचे आडनाव एकच, जेमुडु. ‘ब्रह्मजेमुडु’ हे नाव तर लोक दोन्ही कुळांना लावतात. नेरडीगोंड्याच्या बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी आणि लंबाडी बोलणारी माणसे एका ओट्यावर बसतात. पण ‘पोराच्या डोळ्यात जेमुडु गेला’ एवढ्या वाक्याने डॉक्टरला काहीच कळत नाही. कॅक्टसचा काटा गेला की युफोर्बियाचा चीक? उपचार त्यावर ठरतो.

दिसण्यातले हे साम्य रक्ताच्या नात्याचे नव्हे. कॅक्टस अमेरिका खंडातले. एका लहानशा अपवादाखेरीज जुन्या जगात ते मूळचे नाहीत आणि भारतात तर एकही नाही. फड्या आपल्याकडे युरोपीय व्यापाराच्या काळात आला आणि इतका माजला की गावोगावच्या पडीक जमिनी त्याने व्यापल्या. त्याला आवरले ते एका किड्याने. लाल रंगासाठी कोचिनीलचे किडे म्हणून १७९५ साली कंपनी सरकारने ब्राझीलहून जे आणले ते भलत्याच जातीचे निघाले. रंग बरा मिळाला नाही. परंतु त्या किड्यांनी निवडुंगाची एक जात फस्त केली आणि पुढे १८३६ ते १८३८ या काळात दक्षिण भारतात ते मुद्दाम सोडण्यात आले. तण मारण्यासाठी कीटक वापरण्याचे जगातील हे पहिले उदाहरण समजले जाते. आपल्या ओळखीच्या फड्याला तो किडा लागू पडला नाही. त्यासाठी १९२६ साली दुसरी जात आणावी लागली, आणि काही वर्षांत फड्या हटला. आजच्या पिढीतील मुलांना आजोबांइतका फड्या दिसत नाही, याचे कारण हे.

त्रिधारी, थोर आणि शेर यांना हा किडा शिवत नाही, कारण ती कुळेच वेगळी. गुरे त्यांना तोंड लावत नाहीत, म्हणून शेताच्या कुंपणाला ती पिढ्यान्‌पिढ्या लावली जातात. ज्या गुणामुळे गुरे दूर राहतात, त्याच गुणामुळे मुलांना दूर ठेवावे लागते.

ओळखण्याच्या चार खुणा

१. काटा कोठून निघतो? कॅक्टसच्या अंगावर बारीक लोकरीच्या गादीसारखे ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्यातून काट्यांचा झुबका निघतो. अशी गादी जगात फक्त कॅक्टसलाच असते. त्रिधारी किंवा थोर यांचे काटे जोडीजोडीने, खोडाच्या धारेवर, लहान शिंगांसारखे असतात. शेराला काटा नसतोच. त्याच्या हिरव्या, पेन्सिलीएवढ्या काड्या असतात.

२. चीक आहे का? इंजेक्शनच्या सुईचे टोक खोडाला हलके टोचावे. दुधासारखा पांढरा थेंब आला तर युफोर्बिया समजावे. कॅक्टसमधून बहुधा पाण्यासारखा किंवा बुळबुळीत रस येतो. ही परीक्षा मोठ्या माणसाने, चष्मा व हातमोजे घालून, हात लांब ठेवून करावी. मुलांना करू देऊ नये. पहिल्या खुणेने काम भागत असेल तर ही करूच नये.

३. फूल कसे आहे? कॅक्टसचे फूल बहुधा मोठे, अनेक पाकळ्यांचे, रेशमासारखे असते. युफोर्बियाचे फूल लहान, पिवळट, न दिसण्यासारखे. ‘क्राउन ऑफ थॉर्न्स’ या कुंडीतल्या काटेरी झाडाला लाल-गुलाबी फुले येतात. पण ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो त्या दोन रंगीत पत्रिका असतात. तेही युफोर्बियाच.

४. पान मोडल्यास काय दिसते? ही खूण कोरफड आणि घायपात यांच्यासाठी. कोरफडीचे पान मोडले की पारदर्शक गर दिसतो आणि ते सहज तुटते. घायपाताचे पान तुटता तुटत नाही. आतून वाखाचे धागे निघतात आणि टोकाला सुईसारखा कठीण काटा असतो. कोरफडीला वर्षावर्षाला फुलांचा दांडा येतो. घायपात अनेक वर्षांनी एकदाच फुलतो आणि मरतो.

चीक डोळ्यात गेला तर

युफोर्बियाच्या चिकात त्वचा आणि श्लेष्मल आवरण जाळणारी तीव्र द्रव्ये असतात. डोळ्यात गेल्यास आरंभी केवळ चुरचुर होते आणि घरचे निर्धास्त होतात. पुढील काही तासांत वेदना वाढते, पापण्या सुजतात, उजेड सहन होत नाही, दृष्टी धूसर होते. कॉर्नियावरील पेशींचा थर निघून येतो. कित्येकदा बुबुळाच्या आतील भागालाही दाह होतो. वेळेवर उपचार झाल्यास बहुतेक रुग्ण एक ते दोन आठवड्यांत पूर्ण बरे होतात. उशीर झाला, जंतुसंसर्ग झाला, तर कॉर्नियावर व्रण राहून दृष्टी कायमची अधू होऊ शकते.

एक प्रसंग सांगते. बांधावरच्या शेराच्या काड्या मोडून मुले तलवारबाजी खेळत होती. सात वर्षांच्या एका मुलाला दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्याकडे आणले तेव्हा त्याचा उजवा डोळा उघडत नव्हता. आजी म्हणाली, ‘‘डॉक्टरबाई, लगेच उपाय केला की. धाकट्या सुनेचं दूध डोळ्यात घातलं. रात्री थोडं तूपही लावलं.’’ मी विचारले, ‘‘आजी, पाण्यानं धुतला का?’’ ती म्हणाली, ‘‘दुखऱ्या डोळ्याला गार पाणी कसं लावायचं, बाई?’’ या प्रश्नात निष्काळजीपणा नव्हता, माया होती. त्या घरात सर्व काही केले गेले होते, फक्त जे करायचे ते राहून गेले होते. मुलाला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. दहा-बारा दिवसांनी तो दोन्ही डोळ्यांनी पाटीवरची अक्षरे वाचू लागला. शेराऐवजी फड्याचा काटा असता, तर धुणे दुय्यम ठरले असते आणि डोळा न चोळता, काट्याला हात न लावता, थेट नेत्रतज्ज्ञ गाठणे पहिले.

म्हणून घरच्या मंडळींसाठी सूचना अशा :

• डोळा चोळू देऊ नका. ताबडतोब स्वच्छ पाण्याची संथ धार धरून किमान १५ ते २० मिनिटे सतत धुवा. पापण्या बोटांनी उघड्या ठेवा. डोके असे कलते ठेवा की पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही.
• दूध, तूप, मध, एरंडेल, गुलाबपाणी यांपैकी काहीही घालू नका. घरात उरलेले थेंब तर मुळीच नको.
• हात, तोंड आणि कपडे धुवा. चिकाचे बोट दुसऱ्या डोळ्याला लागते.
• दुखणे कमी वाटले तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.
• झाडाची फांदी पिशवीत बांधून बरोबर आणा. निदान मोबाईलवर छायाचित्र तरी काढा.
• चीक पोटात गेल्यास तोंड धुऊन घ्या. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका, रुग्णालय गाठा.

समव्यवसायी मित्रांसाठी एवढेच, की छोट्या दवाखान्यातही सलाईनची बाटली आणि आय.व्ही. सेट यांनी उत्तम नेत्रप्रक्षालन होते. ते केल्याशिवाय पुढे पाठवू नये. फ्लुरोसीनने कॉर्निया पाहावा. स्टेरॉईडचे थेंब नेत्रतज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय सुरू करू नयेत. विषबाधेविषयी शंका असल्यास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा सल्ला चोवीस तास मिळतो.

आणखी दोन घरगुती उपायांविषयी सांगणे भाग आहे. कान दुखला की थोराचे पान गरम करून रस कानात पिळणे आणि खोकल्यासाठी त्याच पानाचा रस मधातून तान्ह्याला चाटवणे, हे आजही चालते. आयुर्वेदाने या झाडाला हलके मानलेले नाही. चरकसंहितेत तीक्ष्ण विरेचकांत थोराच्या चिकाला अग्रस्थान दिले आहे. भगंदरावरील क्षारसूत्र तयार करतानाही दोऱ्यावर याच चिकाचे थर चढवतात. जे द्रव्य वैद्याने मोजूनमापून, निवडक प्रौढ रुग्णाला द्यायचे, ते सहा महिन्यांच्या बाळाला अंदाजाने देणे हा परंपरेचा आदर नव्हे.

कॅक्टसच्या काट्यांची तऱ्हा वेगळी. फड्या आणि ‘बनी इअर’ नावाने विकला जाणारा ठिपक्याठिपक्यांचा कॅक्टस यांच्या गादीत केसांहून बारीक कुसळे असतात. स्पर्श होताच ती शेकड्यांनी कातडीत रुततात. चोळल्यास मोडतात. आधी चिमट्याने दिसतील तेवढी काढावी, मग पांढऱ्या गोंदाचा पातळ थर देऊन त्यावर जाळीदार कापड बसवावे आणि सुकल्यावर हलकेच सोलून काढावे. धनुर्वाताची लस झाली आहे का ते पाहावे. एकाच सांध्याला आठवडेच्या आठवडे सूज असलेल्या मुलाचा इतिहास घेताना ‘कधी काटा घुसला होता का?’ हा प्रश्न अवश्य विचारावा. सांध्यात राहिलेला काटा कधीकधी क्षयाचे सोंग घेऊन येतो.

घरोघरची मंडळी

कोरफड : तेलुगूत कलबंद. नजर लागू नये म्हणून मुळे वर करून दारावर टांगलेली कोरफड आमच्या भागात पुष्कळ घरांवर दिसते. मातीपाण्याविना ती महिनोन्‌महिने हिरवी राहते, हा मांसल वनस्पतीच्या साठ्याचा दारावर टांगलेला पुरावाच. तिचा पारदर्शक गर किरकोळ भाजण्यावर गारवा देतो. मात्र साल आणि गर यांच्यामध्ये पिवळा, कडू रस असतो, त्यात तीव्र रेचक द्रव्य असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ साली कोरफडयुक्त रेचके दुकानातून सरसकट विकण्यास मनाई केली ती सुरक्षिततेची पुरेशी माहिती पुढे न आल्यामुळे. बाळाच्या गुटीत आणि गरोदरपणी कोरफड नको.

पानफुटी : तेलुगूत रणपाल. पानाच्या कडेच्या खाचांतून नवी रोपे फुटतात, ही तिची अचूक खूण. मुलांना वनस्पतिशास्त्राची गोडी लावायला हिच्याइतकी चांगली शिक्षिका नाही. वहीत ठेवलेले पानही फुटते. परंतु हिच्यात आणि हिच्या फुलझाड भावंडांत, ज्यांना कलांचो म्हणतात, डिजिटॅलिससारखी हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात. ऑस्ट्रेलियात कलांचो खाऊन गुरे दगावतात. मूतखड्यासाठी पानफुटीचा रस घेणाऱ्या रुग्णास तो डिगॉक्सिनवर आहे का, हे विचारलेच पाहिजे.

अ‍ॅडेनियम : फुगीर बुंधा आणि गुलाबी फुले यांमुळे हे अतिशय लोकप्रिय झाले आहे. हे कण्हेरीचे भावंड. आफ्रिकेत याच्या रसाने बाणांची टोके माखीत. कण्हेरीविषयी जी सावधगिरी, तीच येथे : उंचावर ठेवावे, छाटणीचे तुकडे उचलून टाकावेत.

जेड : चकचकीत, गोल, हिरवी पाने. आपल्याकडे ‘जेड’ म्हणून पुष्कळदा ‘हत्तीचे खाद्य’ या नावाचे, लहान पानांचे व लालसर खोडाचे वेगळेच झाड विकले जाते. मुलांच्या दृष्टीने दोन्ही सौम्य. हावर्थिया आणि गुलाबाच्या फुलासारखी रचना असलेली एचेव्हेरिया हीदेखील तशीच. ज्यांच्या घरी रांगते मूल आहे त्यांनी या चौघांपैकी निवड करावी.

लाल टोपीचा कॅक्टस : हिरव्या दांड्यावर लाल किंवा पिवळा गोळा. ही दोन झाडे आहेत. वरच्या गोळ्यात हरितद्रव्य नसल्याने तो एकटा जगू शकत नाही, म्हणून ड्रॅगन फ्रूटच्या जातीच्या खोडावर त्याचे कलम केलेले असते. काही वर्षांत तो सुकला तर आपल्या हाताला दोष देऊ नये.

घोळ आणि कांडवेल : मांसल वनस्पती आपण जेवतोही. पावसाळ्यातली घोळीची भाजी, जिला तेलुगू शेजारी गंगवाविली म्हणतात, ती ‘ऑफिस टाईम’ किंवा चिनी गुलाबाची सख्खी बहीण. चविष्ट आहे, पण ऑक्झलेट भरपूर असल्याने मूतखड्याच्या रुग्णांनी बेताने खावी. चौकोनी कांड्यांची कांडवेल, म्हणजे नल्लेरु, हीदेखील मांसल. कच्ची खाल्ल्यास घशाला खाज सुटते, म्हणून ती चिंचेत शिजवतात.

निगा : आमच्या हवेत

पुस्तकांतील सूचना बहुधा थंड देशांतल्या खिडकीसाठी असतात. आदिलाबाद जिल्ह्याची हवा निराळी. वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात. आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तो एक आकड्यावर उतरतो. शिवाय पायाखाली कापसाची काळी माती. झाड ओळखून झाल्यावर त्याला या चार गोष्टींपासून सांभाळणे म्हणजेच निगा.

माती : काळी माती पाणी धरून फुगते आणि सुकली की आवळते. कपाशीला ती वरदान, मांसल झाडांच्या मुळांना मात्र घातक. एक भाग लाल माती, दोन भाग जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे आणि मूठभर कुजलेले शेणखत पुरेसे. कुंडी मातीची, तळाला भोक असलेली घ्यावी. काचेच्या बरण्यांत ही रोपे विकतात, ती भेट देण्यापुरती.

पाणी : माझ्या पाहण्यातली बहुतेक झाडे तहानेने नव्हे, मायेने मेली. बाळाला दर तासाला दूध पाजणाऱ्या मातेस आपण जे सांगतो तेच येथे लागू : मागितल्यावर द्या. बोट दोन पेरे मातीत घालावे. ओल लागली तर पाणी नको. पाणी दिल्यास तळातून वाहून जाईल इतके द्यावे आणि मग पूर्ण सुकू द्यावे. उन्हाळ्यात साधारण आठवड्याने, हिवाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी. पावसाळ्यात कुंड्या छपराखाली घ्याव्यात. आपण डॉक्टर मुलाच्या पोटावरची त्वचा चिमटीत धरून शुष्कता पाहतो. पानाचीही तशीच परीक्षा आहे. सुरकुतलेले, लवचिक पान तहानेचे. फुगलेले, पिवळट, पारदर्शक आणि मऊ पान अतिपाण्याचे. पहिल्यावर उपाय पाणी. दुसऱ्यावर उपाय शस्त्रक्रिया : कुजका भाग निरोगी पांढऱ्या-हिरव्या पेशींपर्यंत कापून टाकायचा.

ऊन : सकाळचे ऊन सर्वांना मानवते. एप्रिल-मे महिन्यांतल्या दुपारी हावर्थिया, एचेव्हेरिया आणि लाल टोपीचा कॅक्टस यांना हिरव्या जाळीची सावली हवी. अन्यथा पाने भाजून पांढरे डाग पडतात. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेले रोप मान लांबवून उजेडाकडे झुकते. त्याला हळूहळू, आठ-दहा दिवसांत उन्हाची सवय करावी.

थंडी : अ‍ॅडेनियम आणि क्राउन ऑफ थॉर्न्स हिवाळ्यात पाने गाळतात. झाड मेले असे समजून पाणी वाढवू नये. त्या काळात मुळे कोरडी राहिली पाहिजेत.

नवी रोपे : फांदी कापल्यावर लगेच लावू नये. सावलीत पाच-सात दिवस ठेवून जखमेवर खपली धरू द्यावी आणि मग कोरड्या मातीत खोचावी. युफोर्बिया कापताना सर्जिकल हातमोजे व चष्मा घालावा, कापलेल्या जागी गार पाणी शिंपडून वर राख लावावी म्हणजे चीक थांबतो. मुले व मांजरे त्या वेळी घरात पाठवावीत.

कीड : पानांच्या बेचक्यात कापसाच्या बोंडासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. आमच्या कापूस उत्पादकांना तो चांगला ठाऊक आहे. दवाखान्यातला स्पिरिटचा बोळा त्यावर फिरवावा, चार-पाच दिवसांनी पुन्हा फिरवावा. कपाशीच्या फवारणीतून उरलेले औषध कुंडीवर मारू नये, ते पाण्याच्या बाटलीत भरून घरात तर मुळीच ठेवू नये. त्या एका सवयीने आमच्या भागातील मुलांचे जितके नुकसान केले आहे, तितके सर्व निवडुंगांनी मिळून केलेले नाही.

रानातील रोपे रानातच

कुंटाला धबधब्याला जाणारी मंडळी परतताना खडकावरचे एखादे वेगळे रोप उपटून आणतात. त्यांच्यासाठी एक उदाहरण देते. शिंदळ माकुडी ही महाराष्ट्राच्या डोंगरकड्यांवर वाढणारी मांसल वनस्पती, तांबूस ताऱ्यांसारख्या फुलांची. निकोल डाल्झेल यांनी १८६५ साली तिचे शास्त्रीय वर्णन केले आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला फ्रेरिया हे नाव दिले. जगात इतरत्र ती निसर्गतः कोठेही नाही. जुन्नर-शिवनेरी, पुरंदर अशा मोजक्या कड्यांवरच ती टिकून आहे. खडकाच्या एका भेगेत वाढायला तिला वर्षे लागतात, उपटायला क्षण पुरतो. रोपवाटिकेत पन्नास रुपयांत रोप मिळत असताना रान ओरबाडण्याचे कारण नाही. कॅक्टस आणि मांसल युफोर्बिया यांचा आंतरराष्ट्रीय व्यापारही त्याचसाठी करारान्वये नियंत्रित केला गेला आहे.

समारोप

झाडे घरातून काढून टाकावीत, असे मी सुचवीत नाही. मुलांनी झाडांत वाढावे. पानफुटीचे पान फुटताना पाहावे, कोरफडीला पाणी घालावे, घोळीची भाजी निवडावी. त्यासाठी मोठ्यांनी तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक कुंडीवर झाडाचे नाव मराठीत व तेलुगूत लिहावे. पांढऱ्या चिकाची झाडे मुलाच्या डोक्याच्या उंचीहून वर किंवा कुंपणाच्या बाहेरच्या बाजूस ठेवावीत. आणि घरातल्या प्रत्येक व्यक्तीला, विशेषतः आजी-आजोबांना, एक वाक्य पाठ असावे : डोळ्यात चीक गेला तर आधी पाणी, मग डॉक्टर, मध्ये काहीही नाही.

संस्थेच्या सभासदांना विनंती, की आपापल्या दवाखान्याच्या फलकावर हे वाक्य दोन्ही भाषांत लावावे. फलकाखाली एक हावर्थियाची कुंडी ठेवायलाही हरकत नाही. तिला फारसे पाणी लागत नाही.